‘जेव्हा माणूस जागा होतो’ : एका वाचनाची अपूर्णता

गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तेव्हापासून वारली उठावाचा वृत्तान्त म्हणूनच तो बहुधा वाचला जातो. हे वाचन चुकीचे नव्हे, अपुरे आहे. विद्यार्थिदशेत अंगीकारलेले बंड श्रमिकांपर्यंत कोणत्या वाटेने पोचले, हा प्रश्न त्यात दृष्टीआड होतो.

पुण्यातील एका प्रतिष्ठित वकिलाची ही कन्या. शिक्षण कायद्याचे, १९३२ साली सत्याग्रहात शिक्षा झाली आणि पुढे घरही सुटले. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. १९३८ च्या सुमारास त्यांनी घरकामगारांना संघटित केले, ही गोष्ट एका ओळीत उरकण्याची प्रथा आहे. वस्तुतः ज्या वर्गाच्या घरांत हे कामगार राबत, त्याच वर्गातून त्या आल्या होत्या. मालक व मजूर यांच्या नात्याचा पहिला पाठ माजघरातच मिळतो!

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे ग्रंथातील ‘लग्नगडी’ या प्रथेचे विवेचन निराळे भासू लागते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली पुरुष जमीनदाराचा बांधील होई. त्याच्यासवे त्याची बायकोही. तिचे श्रम आणि तिचे शरीर, दोहोंवर मालकाची सत्ता चाले. म्हणून २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वेठीविरुद्ध निर्धार झाला, तेव्हा स्त्रीमुक्ती व मजूरमुक्ती हे प्रश्न वेगळे उरले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार होऊन पाच जण मृत्यू पावले.

तथापि ग्रंथाची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. वारली स्त्री अन्यायाची साक्ष म्हणून जितकी ठसते, तितकी निर्णय घेणारी कार्यकर्ती म्हणून ठसत नाही. निवेदन सुशिक्षित कार्यकर्तीचे आहे. ते प्रामाणिक आहे, पण दुसऱ्याच्या वतीने आहे.

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यातील वसई तालुक्यात वालीव येथे आता कारखान्यांच्या वसाहती आहेत. तेथे राबणाऱ्या स्त्रीविषयी असा ग्रंथ व्हावयाचा, तर त्याचे निवेदन तिने करावयाचे की तिच्यासाठी धावून आलेल्या विद्यार्थिनीने, हे परुळेकरांच्या ग्रंथावरून ठरविता येत नाही.