एक्सआरडीच्या आलेखावर पृष्ठभागाचे दावे

आमच्या मेहकरहून लोणार जवळच. बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि आत पीएच १० च्या आसपासचं खारं पाणी. खनिजांच्या पृष्ठभागावर काय घडतं, हा माझा विषय. त्यासाठी ही जागा म्हणजे शाळाच.

पण गाळावरचे, मातीवरचे शोधनिबंध वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. आधी एक्स-रे डिफ्रॅक्शनचा, म्हणजे एक्सआरडीचा आलेख येतो: स्मेक्टाइट सापडलं, कॅल्साइट सापडलं. पुढच्याच परिच्छेदात निष्कर्ष, की क्रोमियम (किंवा आणखी काही) स्मेक्टाइटने धरून ठेवलं. हे कुठून आलं?

एक्सआरडी स्फटिकातल्या अणूंच्या नियमित रांगा ओळखतं. किरण कित्येक मायक्रोमीटर आत शिरतात, त्यामुळे पृष्ठभागाला चिकटलेला अणूंचा एखादा थर त्यात दिसतच नाही. शिवाय फेरिहायड्राइट नावाचं लोहाचं खनिज आलेखावर जेमतेम दोन पसरट उंचवटे देतं, थोडंसंच असलं तर तेही बुडून जातात. पण त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग २०० चौरस मीटरहून जास्त असू शकतो. क्रोमियम त्यानेच धरलेलं असेल तर? श्रेय मात्र स्मेक्टाइटला!

एक्सपीएस हे तंत्र वरचे साधारण १० नॅनोमीटरच बघतं आणि क्रोमियम सहा संयुजेचं की तीन, हेही सांगतं. सहाचं जास्त विषारी आणि पाण्याबरोबर वाहणारं; तीनचं बहुधा मातीतच अडकणारं. मात्र इथेही डोळे झाकून विश्वास नको. नमुना निर्वातात सुकतो आणि मोजतामोजता क्ष-किरणांमुळेच सहाचं तीन होऊ शकतं. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण शोषण वर्णपटाने ओला नमुनाही तपासता येतो, पण तिथे हाती येते ती सगळ्या क्रोमियम अणूंची सरासरी.

म्हणून एकाच यंत्रावर भागत नाही. एक्सआरडी जरूर करा, पण त्यातून फक्त ‘कोणती स्फटिकी खनिजं आहेत’ एवढंच म्हणा. ‘काय कुठे आणि कसं चिकटलं’ हे म्हणायचं तर पृष्ठभाग बघा, आणि पीएच बदलून ते सुटतं का तेही बघा. लोणारसारख्या अल्कधर्मी पाण्यात खनिजांचे पृष्ठभाग बहुतेक ऋणभारित असतात. क्रोमेटही ऋणभारित, म्हणजे ते फारसं चिकटणारच नाही.

उद्या असा निबंध वाचून कुणी विहिरीच्या पाण्यासाठी मातीचा फिल्टर बनवला, तर आपली चूक पिणाऱ्याच्या पोटात जाईल.