परसांतील वेधशाळा

वेधशाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें घुमट उभा राहतो. घुमट नाहीं, उंच गच्ची नाहीं, चहूंकडे मैदान नाहीं, तर ताऱ्यांचा नाद करूं नये, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर इंग्लंडांतील बाथ शहरीं न्यू किंग स्ट्रीटवरील 19 क्रमांकाच्या घरामागें जो अरुंद परस आहे, त्याचें परीक्षण करावें. संगीतावर उपजीविका करणाऱ्या विल्यम हर्शेल यानें 13 मार्च 1781 रोजीं रात्रीं दहा आणि अकरा यांच्या दरम्यान येथूनच युरेनस हेरला. प्रथम त्यास तो धूमकेतूच वाटला होता. तें घर आतां संग्रहालय झालें आहे. तेथें भक्तिभावानें जाणारे पुष्कळ. आपण मात्र वेधाची जागा म्हणून तिचे गुणदोष पाहूं.

पहिला आक्षेप भिंतींचा. दुर्बिणीच्या आसाहून सात फूट उंच भिंत बारा फुटांवर असेल, तर तिच्या बाजूचें आकाश तीस अंशांपर्यंत झांकलें जातें. अशी भिंत चोहोंकडे असली तर दृश्य खगोलाचें निम्में क्षेत्र गेलें. आक्षेप भारी दिसतो खरा. परंतु गेलेलें आकाश कसलें हेंहि विचारलें पाहिजे. तीस अंशांवरील ताऱ्याच्या प्रकाशास माथ्यावरील ताऱ्याच्या मानानें दुप्पट हवा ओलांडून यावें लागतें, आणि त्याखालीं तर बिंब अधिकच थरथरतें. म्हणजे भिंत हिरावून घेते तें आकाशांतील सर्वांत निकृष्ट दान होय.

शिवाय चारहि भिंतींचा अपराध सारखा नाहीं. पूर्वेची भिंत ताऱ्यास उशिरा दाखविते, पश्चिमेची लवकर लपविते. उत्तरेस खालीं दडलेला तारा सहा महिन्यांनीं त्याच वेळीं ध्रुवाच्या वरच्या अंगास येतो. या तिघींनीं घेतलेलें पृथ्वी आपल्या फिरण्यानें परत देते. दक्षिणेच्या भिंतीनें घेतलेलें मात्र कायमचें गेलें. बाथचे अक्षांश सुमारें 51.4, तेव्हां विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेआठ अंशांहून दूर असलेले तारे तेथें तीस अंशांवर केव्हांच चढत नाहींत. हर्शेलचा परस दक्षिणेस उघडतो, आणि त्या काळीं पलीकडे एव्हन नदीपर्यंत मोकळी जागा होती. या जागेचा खरा गुण हा आहे. लहान जागेंत वेधशाळा मांडणारानें प्रथम दक्षिण मोजावी. घुमटाचा विचार मागाहून करावा.

दुसरा गुण उपकरणाच्या मापाचा. त्याची सात फुटी दुर्बीण सुमारें सव्वासहा इंची आरशाची, लांकडी घोडीवर बसविलेली आणि हलविण्याजोगी होती. 1779 च्या डिसेंबरांत घरासमोर चंद्र आला, तेव्हां त्यानें ती सरळ रस्त्यावर नेली. उघड्यावरची दुर्बीण लवकर गार होते आणि कोंडलेल्या उष्म्यानें बिंब बिघडत नाहीं. तथापि दंव, थंडी आणि रोजची मांडामांड हे दोष आहेतच. त्यांवर आज सरकत्या छपराची खोली हा उपाय योजतात. पण सरकलेल्या छपराला खोलीएवढीच आणखी जागा लागते, हें आराखडा काढणारे विसरतात. जागा तोकडी असेल तर दोन अर्धुकांची लांकडी खोली रुळांवरून दोहों बाजूंस लोटावी. दुर्बिणीचा खांब जमिनींत खोल रोवून तक्तपोशीपासून अलग ठेवावा, म्हणजे पावलांचा हादरा त्यास पोंचणार नाहीं. आणि भोंवतीं फरशी न घालतां हिरवळ राखावी, कारण दिवसां तापलेला दगड रात्रीं उष्मा सोडतो. रस्त्यावरील दिवे अडवावयास आज तीच भिंत उपकारक ठरते.

हर्शेलच्या हातून या जागेचा तोल सुटला तो महत्त्वाकांक्षेमुळें. 1781 च्या ऑगस्टांत त्यानें तीस फुटी दुर्बिणीसाठीं तीन फुटी आरसा घरांतच ओतावयास घेतला. भट्टींतून वितळलेली धातु गळाली, फरश्या तडकून उडाल्या आणि माणसें जीव घेऊन पळालीं. आरसा साधला असता, तरी तीस फुटी नळी या परसांत सुखानें कोठें फिरली असती? पुढें 1789 मध्यें स्लौ येथें पुरी झालेली चाळीस फुटी दुर्बीणहि अवजड ठरली. त्याचें बहुतेक काम वीस फुटीवरच झालें.

शेवटीं एक उणीव आराखड्यांची. त्यांत खांब असतो, छप्पर असतें. लिहिणाराची जागा नसते. 1783 पासून वीस फुटी दुर्बिणीवरून हर्शेल जें पुकारीत असे, तें त्याची बहीण कॅरोलाइन आंत दिव्याजवळ बसून घड्याळ पाहून टिपीत असे. तिचा दिवा त्याच्या अंधारास सरावलेल्या डोळ्यांपासून दूर होता, म्हणूनच दोघांचेंहि काम चाललें. घरांतील मुलगा दुर्बिणीसाठीं हट्ट धरील, तेव्हां वडिलांनीं परस लहान म्हणून त्यास निराश करूं नये. दक्षिण मोकळी आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि वही घेऊन कोण बसणार तें ठरवावें. बाथच्या परसांत या दोन्ही गोष्टींची सोय होती. घुमट तेवढा नव्हता.