दोन नद्यांमधली वाट

सोलापूर जिल्हा सपाट आहे, असे गाडीतून फिरणारी माणसे छातीठोकपणे सांगतात. काचा वर करून विजापूर रस्त्याने ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला तसे वाटणारच. सायकलीवर बसलेल्याला मात्र पहिल्या तासाभरातच कळते की हा मुलूख सपाट नाही. तो सतत उठतो आणि बसतो, पण फार सावकाश. शंभर मीटरच्या चालीत जेमतेम दोन-तीन मीटर. डोळ्यांना यातले काही दिसत नाही, मांड्यांना सगळे कळते. सह्याद्रीतला घाट आपला चढ लांबूनच जाहीर करतो, त्याचे कौतुक करायला फारसे लक्ष द्यावे लागत नाही. माळावरचा चढ लक्ष दिल्याशिवाय हाती लागत नाही. म्हणूनच या भागातली एक वाट घेऊन, कवितेचे करतात तसे तिचे रसग्रहण करावे असे फार दिवस मनात होते.

वाट अशी आहे. सोलापुरातून विजापूर महामार्गाने दक्षिणेला निघायचे, हत्तूर मागे टाकून वडकबाळच्या पुलावर सीना ओलांडायची, तेरामैलाच्या पुढे महामार्ग सोडून डाव्या हाताच्या गावरस्त्याला लागायचे आणि हत्तरसंगवरून कुडलला, सीना-भीमेच्या संगमावर उतरायचे. अंतर सुमारे 40 किलोमीटर. महामार्ग वडकबाळला सीना ओलांडतो आणि पुढे टाकळीजवळ भीमा. या दोन पुलांमधून पूर्वेकडे निघालेला जमिनीचा पट्टा दोन्ही नद्यांच्या मधे निमुळता होत जातो आणि संगमावर संपतो. आपली वाट या पट्ट्याच्या अंगावरून जाते. तिचे निम्मे सौंदर्य या रचनेतच आहे, कारण आपण कुठेही असलो तरी दोन्ही हातांना, थोड्या अंतरावर, एकेक नदी असते. सुरुवातीला त्या दिसत नाहीत, उसाच्या हिरव्या पट्ट्यावरून ओळखायच्या. पुढे पुढे ते पट्टे जवळ येतात.

महामार्गाचा भाग पहाटेच उरकावा. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही.

वळण घेतल्यावर पहिल्यांदा बदलतो तो आवाज. मागच्या ट्रकचा अंदाज घेत ताठ झालेली मान सैल पडते, आणि मग एकेक गोष्ट ऐकू यायला लागते: साखळीची बारीक कुरकुर, ज्वारीच्या ताटांची सळसळ, तारेवरचा कोतवाल, कुठल्यातरी विहिरीवरची मोटर. ग्रामसडक योजनेतले रस्ते साधारण पावणेचार मीटर रुंद असतात. समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांनीही कडेला व्हायचे, एकमेकांकडे बघायचे आणि मान हलवायची. रुंद रस्त्यावर ही ओळख होत नाही. शिवाय दोन्हीकडे नद्या असल्यामुळे पलीकडे घाईने जाणाऱ्यांची वर्दळ इकडे वळत नाही; ज्याचे इथे काम आहे तोच इथे येतो. या वाटेची शांतता अशी भूगोलातून आली आहे. ती कुणी मुद्दाम राखलेली नाही, म्हणून तिच्यात दिखावा नाही.

आता एकच चढ घेऊ आणि तो नीट वाचू. सुरुवात ओढ्यावरच्या फरशीपासून. इथे माती काळीभोर आणि खोल आहे. हिवाळा सरत आला की तिला पडणाऱ्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो. रस्त्याला लागून शाळू उभा आणि शेताच्या कडेने करडईच्या ओळी. करडई काटेरी असल्यामुळे जनावर आत शिरत नाही, म्हणजे पीकही तेच आणि कुंपणही तेच. फरशी सोडली की पायडल किंचित जड होते. चढ अजून दिसत नाही, पण शेजारच्या शेतातली माती तपकिरी झालेली असते आणि ज्वारी कमरेएवढीच राहिलेली असते. आणखी थोडे वर गेले की तुरीचे पट्टे येतात. मग खडे वाढतात, मुरूम उघडा पडतो, शेत संपते आणि माळ सुरू होतो: कुसळीचे गवत, बोरीची झुडपे, पिवळ्या फुलांचा तरवड, एखादे हिवराचे झाड. माथ्यावर आल्यावर वारा एकदम अंगावर येतो. समोर उतार, उताराच्या तळाशी पुढचा ओढा, आणि त्याच्या काठाने पुन्हा काळी माती, पुन्हा शाळू.

पायांना जाणवणारा चढ आणि डोळ्यांना दिसणारी माती ही एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितलेली आहे. खाली सगळा बेसाल्ट. हजारो पावसाळ्यांनी माथ्यावरची बारीक माती धुऊन खाली ओढ्याकाठी साठवली, वर मुरूम उरला. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा सप्टेंबरात. तो पाऊस खोल काळी जमीन पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर, वरून एक थेंब न पडता, थंडीत ज्वारी उभी राहते. इथल्या शेतकऱ्यांची मालदांडी ही त्याच ओलीची ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात तिच्यातून निवडलेला ‘एम 35-1’ हा वाण पुढे दूरदूरच्या कोरडवाहू शेतांत गेला. म्हणजे सायकलीचा गिअर कुठे बदलायचा हे पिकाकडे बघून सांगता येते. ज्वारी उंच असेल तिथे चाक मोकळे सोडावे, तुरीपाशी गिअर हलका करावा, तरवड दिसला की माथा आलाच. ही संगती पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा जो आनंद होतो, तो मला कुठल्याही शिखरावर झालेला नाही.

या वाटेची लयही यातूनच घडते. चढ छोटे आहेत म्हणून दम लागायच्या आत संपतात, आणि उतार छोटे आहेत म्हणून अंग थंड पडायच्या आत पुढचा चढ येतो. ओढ्यावरची फरशी हा यतीचा क्षण. तिथे वेग आपोआप तुटतो, बाभळीची सावली असते आणि बहुतेक वेळा कुणीतरी बसलेले असते.

“काय ओ, कुटनं आलाव?” हा पहिला प्रश्न. सोलापूर म्हटले की दुसरा: “सायकलीवर? गाडी बंद पडली का?” नाही म्हटल्यावर थोडा वेळ गप्प, मग हात शेताकडे: “या की मग, हुरडा खावून जावा.” घरात कानडी आणि पाहुण्याशी मराठी बोलणारी ही माणसे बोलता बोलता भाषा अशी बदलतात की सांधा सापडत नाही. हुरड्याच्या दिवसांत सकाळी इथे भोरड्यांचे थवेच्या थवे ज्वारीवर उतरतात. माळ्यावर उभी राहिलेली बाई गोफणीत खडा घालते, दोन फेऱ्यांत सोडते. आधी चाबकासारखा आवाज, मग शेतावरून सगळा थवा एका वळणाने उठतो आणि शेजारच्या शेतात बसतो. तिथे दुसरी गोफण तयार असते. पाच मिनिटे थांबून हे पाहता येते, ते केवळ एक पाय जमिनीवर टेकवला की सायकल थांबते म्हणून.

सायकल सफरीच्या इतिहासात पराक्रमाचे मोठे कौतुक आहे, आणि ते योग्यच. 1923 साली मुंबईहून निघालेले पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणा करून परतले, त्यांच्या जिद्दीपुढे नतमस्तक व्हावे. पण रमत फिरण्याचीही स्वतंत्र परंपरा आहे. इंग्लंडात हौशी सायकलस्वारांचा सफरी संघ 1878 मध्येच उभा राहिला. फ्रान्समध्ये सेंट-एटियेनचा पॉल द विव्ही, ज्याला ‘व्हेलोसिओ’ म्हणत, याने सफरीचे काही नियम घालून दिले: भूक लागायच्या आधी खावे, तहान लागायच्या आधी प्यावे, आणि फुशारकीसाठी पायडल मारू नये. पहिल्या नियमाची सोय सोलापूरने जगात सर्वांत चांगली केली आहे असे मला मनापासून वाटते. कडक भाकरी आठवडाभर टिकते, पिशवीत मोडली तरी बिघडत नाही. बरोबर शेंगाची चटणी आणि एखादा कांदा असला की झाले.

हंगाम मात्र जपून निवडावा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, तेव्हा प्रश्नच नाही. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरत नाही, आणि सीनेचा भरवसा धरू नये. 2025 च्या सप्टेंबरातल्या महापुराने काठची शेते खरवडून नेली. दिवाळी ते संक्रांत हा खरा काळ. त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, त्यांना बिनशर्त वाट द्यावी. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, निघता आले तर उत्तमच. त्या दिवशी गावे रिकामी आणि शेते भरलेली असतात. कडब्याच्या खोपीपुढे पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील, आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाक ठरलेली. रस्त्याच्या कडेच्या सराट्यांवर मात्र लक्ष ठेवावे. टायरमध्ये रुतलेला सराटा लगेच उपटू नये, सावली आणि पंप जवळ असताना उपटावा.

शेवटच्या टप्प्यात दोन्हीकडचा ऊस जवळ येतो, माळ संपतो, उतार लांबतो आणि वाट संगमावर येऊन थांबते. हरिहरेश्वर आणि संगमेश्वर ही दोन मंदिरे इथे आहेत. एकाच शिवलिंगावर कोरलेली 359 मुखे पाहायला लोक येतात. मी जास्त वेळ थांबतो तो संगमेश्वराच्या तुळईवरच्या शिलालेखापाशी. शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा हा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक. आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. सोलापूर जिल्ह्यातले शिलालेख त्यांनी गावोगाव हिंडून शोधले आणि वाचले. त्यातल्या मराठी ओळीचा आशय एवढाच की जो हे वाचील तो विजयी होईल. कोरणाऱ्याने फळ ठेवले ते वाचणाऱ्यासाठी. कुंभारांसारखी दगड वाचणारी माणसे आणि माती वाचून पेरणारे शेतकरी या एकाच पट्ट्यात भेटावेत, याचे मला अप्रूप वाटते.

परतीला तीच वाट वेगळी होते. येताना ज्या उतारावरून सहज घरंगळत आलो तोच आता चढ असतो, आणि सकाळी डोळ्यांवर उन्ह असल्यामुळे न दिसलेली दक्षिणेकडची शेते दिसायला लागतात. सकाळी चढलेला चढ आता उतार होऊन समोर येतो आणि मातीचा क्रम उलटा लागतो: आधी तरवड, मग तूर, मग शाळू. दोन्ही दिशांनी केल्याशिवाय ही वाट पुरती कळली असे म्हणू नये, आणि म्हणून जाणाऱ्याला मी सांगतो की परतीला टेम्पोत सायकल टाकायचा मोह आवरावा. तेरामैलाला चहा मिळतो. तिथून पुढे महामार्गाच्या कडेची पांढरी रेघ धरून, दिवा लावून, अंधार पडायच्या आत वडकबाळचा पूल ओलांडावा.