पॅनेल आधारसामग्रीतील निरीक्षणांची वर्गनिश्चिती : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
त्याच कुटुंबांची वर्षानुवर्षे नोंद घेऊन जी सामग्री सिद्ध होते, तिला पॅनेल आधारसामग्री असे म्हणतात. इक्रिसॅटने १९७५ मध्ये सुरू केलेला ग्रामपातळी अभ्यास हे तिचे भारतातील ठळक उदाहरण होय. शिरापूर व कळमण (सोलापूर), कंझारा व किनखेडा (अकोला) ही महाराष्ट्रातील चार गावे त्यात होती. प्रत्येक गावातून भूमिहीन मजूर, लहान, मध्यम व मोठे शेतकरी अशा चार गटांतील प्रत्येकी १० कुटुंबे निवडण्यात आली.

विवेचन :
अशा सामग्रीत प्रत्येक निरीक्षणाला लेबल देण्याचे काम आज स्टाटासारख्या संगणकप्रणालीतील आज्ञावली करते. हे काम केवळ तांत्रिक मानले जाते. वस्तुतः ते अर्थनिर्णयाचे काम आहे.

पहिला दोष गहाळ नोंदींचा. स्टाटा गहाळ मूल्यास कोणत्याही संख्येपेक्षा मोठे मानते. त्यामुळे 'जमीन पाच हेक्टरांहून अधिक असल्यास मोठा शेतकरी' एवढीच अट लिहिली, तर ज्याच्या जमिनीची नोंदच नाही असा मजूरही मोठा शेतकरी ठरतो. प्रणाली चूक दाखवीत नाही.

दुसरा दोष क्रमाचा. या अभ्यासाची पहिली फेरी १९८५ च्या सुमारास थांबली व २००१ मध्ये क्षेत्रकार्य पुन्हा सुरू झाले. 'आधीची ओळ' म्हणजेच 'आधीचे वर्ष' असे गृहीत धरणारी आज्ञावली या दीर्घ खंडातील बदल एका वर्षाचा म्हणून नोंदवते. कालचल घोषित करून विलंबकारक वापरल्यास तेथे मूल्य रिक्त राहते, व तेच प्रामाणिक असते. तसेच केवळ कुटुंबक्रमांकानुसार मांडणी केल्यास एका कुटुंबातील वर्षांचा क्रम निश्चित राहत नाही. 'पहिले वर्ष' हे लेबल दर वेळी वेगळ्या ओळीस लागू शकते.

तिसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. १९७५ चा गट कायम ठेवावा की दरवर्षी नव्याने ठरवावा? केवळ मूळ गट ठेवल्यास जमीन गमावलेले कुटुंब कागदोपत्री मोठेच राहते. केवळ चालू गट ठेवल्यास त्याची घसरण गटांच्या सरासरीत लपते.

समारोप :
म्हणून मूळ गट व चालू गट ही दोन स्वतंत्र चले असावीत, गहाळ मूल्यांची अट स्पष्ट लिहावी आणि आज्ञावली निष्कर्षांसोबत प्रसिद्ध करावी. लेबल चुकले तर गणित अचूक असूनही दारिद्र्याविषयीचा निष्कर्ष असत्य ठरतो.