सँटोरिनी, ई-बाइक आणि न सांगितलेला फेब्रुवारी

गेल्या ऑक्टोबरात अथेन्सला एका परिषदेत पोस्टर लावायला गेले होते. परतीच्या आधी दोन दिवस मोकळे होते. ज्वालामुखीच्या खडकांवर पीएचडी करणारी मुलगी अशा वेळी सँटोरिनीला नाही जाणार तर कुठे जाणार? तिथे मी पाच तासांची, गाइडसोबतची ई-बाइक सफर घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘ज्वालामुखीची कहाणी, सायकलवरून.’ म्हणून आज त्या सफरीचं परीक्षण. हॉटेल, जेवण, सूर्यास्त यांबद्दल सांगणारे ब्लॉग भरपूर आहेत. मी एवढंच तपासणार आहे की ज्वालामुखीची कहाणी सांगतो म्हणणाऱ्यांनी ती नीट सांगितली का.

आधी चांगलं सांगते. सायकल हे वाहन या बेटासाठी अगदी योग्य आहे. युरोपात अशा सायकलच्या मोटरला 250 वॉटची मर्यादा असते, आणि तुम्ही पायडल मारलं तरच ती मदत करते. ताशी 25 किलोमीटरनंतर मदत बंद. म्हणजे ही स्कूटर नाही. चढ पायांना कळतो, फक्त जीव जात नाही.

थोडं गणित करू. मी, पाठीवरची सॅक आणि सायकल मिळून 105 किलो धरा. 300 मीटर चढायचं तर वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, म्हणजे साधारण 3 लाख 9 हजार ज्यूल. वीजबिलाच्या भाषेत हे फक्त 86 वॉट-तास होतात. घर्षण आणि मोटरमधला अपव्यय धरून थोडे जास्त. बॅटरी 500 वॉट-तासांची होती. घरातला 2 किलोवॉटचा गीझर एवढी वीज पंधरा मिनिटांत संपवतो. तेव्हा ‘पर्यावरणपूरक सफर’ हा दावा सायकलपुरता खरा आहे. आमच्या मागे पूर्ण वेळ एक डिझेल व्हॅन चालत होती, आणि आम्ही सगळे विमानाने आलो होतो, हे जाहिरातीत नव्हतं. पण याबद्दल मी फार तक्रार करणार नाही. व्हॅनमध्ये पंक्चरचं सामान होतं आणि दुपारी थकलेल्या एका आजोबांना तिचा उपयोगही झाला.

गाइड तिशीचा, बेटावरचाच. द्राक्षमळ्यापाशी तो फार छान बोलला. इथल्या वेली मांडवावर चढवत नाहीत. जमिनीलगत गोल गोल वळवून त्यांची टोपली करतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात, म्हणजे वाऱ्याचा मार बसत नाही. पाऊस अगदी कमी, पण ज्वालामुखीची सच्छिद्र माती समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचा ओलावा धरून ठेवते. एकोणिसाव्या शतकात युरोपभरचे मळे फिलॉक्सेरा नावाच्या किडीने खाल्ले. इथल्या मातीत चिकणमाती जवळपास नाही, त्यामुळे ती कीड इथे टिकलीच नाही आणि वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. माती, हवा, पीक आणि माणूस असं सगळं त्याने दहा मिनिटांत जोडून दाखवलं. मी मनात पूर्ण गुण देऊन टाकले.

गडबड ज्वालामुखीपाशी आली.

पिर्गोस गावाचा चढ चढताना वर प्रोफितिस इलियास हा बेटावरचा सर्वांत उंच डोंगर दिसतो, 567 मीटरचा. गाइड म्हणाला, ‘हा ज्वालामुखीचा माथा.’ नाही! सँटोरिनीतली सगळ्यात मजेशीर गोष्ट हीच आहे की तो डोंगर ज्वालामुखीचा नाहीच. तो चुनखडीचा आणि संगमरवराचा आहे. ज्वालामुखी जन्मायच्या कितीतरी आधी इथे एक साधं बेट होतं, त्याचा हा उरलेला तुकडा. ज्वालामुखी नंतर त्याला येऊन चिकटला. रस्त्याच्या कडेचा खडक काळ्या-तांबूस रंगावरून करडा-पांढरा झालेला सायकलवरून सहज दिसतो. ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने चढताना खडक बघायलाच तर वेळ असतो. वाहन सगळं दाखवत होतं आणि गाइडचा शब्द त्यावर पडदा टाकत होता.

मग गोष्टी सुरू झाल्या. तुम्ही तिथे गेलात तर तुम्हालाही याच ऐकायला मिळतील, म्हणून तीन निवडून तपासू.

पहिली, ‘हेच अटलांटिस.’ अटलांटिसची गोष्ट प्लेटोच्या दोन संवादांत येते, ‘टिमायस’ आणि ‘क्रिटिअस’. प्लेटोच्या म्हणण्याप्रमाणे ते बेट हेराक्लिसच्या खांबांपलीकडे, म्हणजे जिब्राल्टरच्या बाहेर होतं आणि सोलोनच्या 9000 वर्षं आधी बुडालं. सँटोरिनी आहे एजियन समुद्रात, आणि उद्रेक झाला सोलोनच्या साधारण हजार वर्षं आधी. हे जुळवायला ‘प्लेटोचा एक शून्य जास्त पडला असेल’ असं म्हणणारेही झाले. माझ्या गाइडने मला प्रबंधात एक शून्य असा खोडू दिला असता तर माझी पीएचडी केव्हाच संपली असती. (इथे गाइड म्हणजे माझ्या मॅडम, सायकलवाला नव्हे.)

दुसरी, ‘इ.स.पू. 1628 साली उद्रेक झाला.’ एवढा नेमका आकडा ऐकला की माणसाला विश्वास वाटतो. प्रत्यक्षात या तारखेवर कित्येक दशकं भांडण चालू आहे. प्यूमिसच्या थरात गाडली गेलेली ऑलिव्हची एक फांदी सापडली. तिच्या रेडिओकार्बन मापनातून 2006 साली इ.स.पू. 1627 ते 1600 असा काळ मांडला गेला. इजिप्तशी सांगड घालणारे पुरातत्त्वज्ञ मात्र उद्रेक त्याच्या सुमारे शंभर वर्षं नंतरचा मानत होते. नंतर झाडांच्या एकेका वर्षाच्या वलयांवरून रेडिओकार्बनची मोजपट्टीच सुधारली, तेव्हा सोळाव्या शतकातली तारीखही शक्य कोटीत आली. थोडक्यात, सतराव्या शतकाचा शेवट ते सोळावं शतक. ‘साधारण 3600 वर्षांपूर्वी’ म्हटलं असतं तरी गोष्टीची गंमत काडीचीही कमी झाली नसती.

तिसरी, ‘मानवी इतिहासातला सर्वांत मोठा उद्रेक, एका दिवसात मिनोअन संस्कृती संपली.’ उद्रेक प्रचंड होता, यात वादच नाही. पण इंडोनेशियातला तांबोराचा 1815चा उद्रेक त्याच्या तोडीचा किंवा त्याहून मोठा होता. आणि मिनोअन लोक एका दिवसात संपले नाहीत. क्रीट बेटाजवळ मोख्लोस इथे सँटोरिनीची राख सापडली आहे, आणि त्या राखेच्या वर पुन्हा मिनोअन घरं बांधलेली आहेत. राखेच्या वर घर असेल तर ते बांधणारा माणूस राख पडल्यानंतर जिवंत होता. एवढं सोपं आहे.

तुम्ही म्हणाल, सुट्टीवर आलेल्या लोकांना थोडी गोष्ट रंगवून सांगितली तर कुठे बिघडलं? मलाही वाटलं की मी उगाच परीक्षकासारखी वागतेय. पण मग आम्ही व्लिखाडाला पोचलो.

व्लिखाडा हा दक्षिणेचा समुद्रकिनारा. मागे प्यूमिस आणि राखेचे उंच फिकट कडे, वाऱ्याने चित्रविचित्र कोरलेले. प्यूमिस म्हणजे तो हलका, भोकाभोकांचा दगड, जो टाचा घासायला विकतात. आमच्या सह्याद्रीचा बसॉल्ट पातळ लाव्हा वाहत येऊन थरावर थर साचून झाला. इथला मॅग्मा घट्ट आणि वायूने भरलेला होता. सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा तो फेस होऊन उडाला. त्या उद्रेकाचा क्रम बेटावरच्या कड्यांतून आणि जुन्या खाणींतून अक्षरशः वाचता येतो. तळाला आकाशातून पडलेल्या प्यूमिसचा थर. त्याच्या वर तिरप्या रेघांचे थर, कारण समुद्राचं पाणी विवरात शिरलं आणि वाफेच्या स्फोटांनी राख जमिनीलगत आडवी धावली. त्याच्या वर मोठमोठे दगड असलेला गोंधळलेला जाड थर, आणि शेवटी गरम राखेचे लोट. विवरात पाणी केव्हा शिरलं, हे कुणी पाहिलेलं नाही, पण थर सांगतात. माझ्यासाठी ही अटलांटिसपेक्षा मोठी गोष्ट आहे.

आम्हाला काय सांगितलं? ‘चंद्रावर आल्यासारखं वाटतं ना? वीस मिनिटं, फोटो काढून घ्या.’

तेवढ्यात ग्रुपमधल्या एका बाईंनी विचारलं, ‘इथे मध्यंतरी भूकंप झाले ना? सुरक्षित आहे का?’ गाइड हसला. ‘ज्वालामुखी झोपलाय, मॅडम. आज तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त दमला आहात.’ सगळे हसले, विषय संपला.

परतताना चढावर आम्ही दोघंच पुढे होतो. मी काय शिकते ते त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘फेब्रुवारीत आईला घेऊन मी पण फेरीने निघून गेलो होतो. रात्री दर थोड्या वेळाने घर हलायचं. आम्ही कपडे घालूनच झोपायचो. ऑफिसने सांगितलंय, भूकंपाचं कुणी विचारलं तर विषय बदलायचा. बुकिंग रद्द होतात.’

मला त्याचा राग येईना. बेटाचं पोट पर्यटनावर आहे, आणि त्याच्या मालकांची भीती खोटी नाही. पण तेव्हा कळलं की मला दिवसभर काय टोचत होतं. 3600 वर्षांपूर्वीच्या गोष्टीत जो माणूस साल छातीठोकपणे सांगतो, त्याला आठ महिन्यांपूर्वीची स्वतःची गोष्ट सांगायची मुभा नाही. जिथे खात्री नाही तिथे खात्री दाखवायची, आणि जे स्वतः अनुभवलं त्यावर विनोद करायचा. या सफरीचा खरा दोष हा आहे.

तर त्याने जे सांगितलं नाही ते मी सांगते. 2025च्या जानेवारीअखेरीपासून सँटोरिनी आणि आमोर्गोस या बेटांच्या मधल्या समुद्राखाली भूकंपांची रांग लागली. सर्वांत मोठा धक्का पाचाहून थोड्या जास्त तीव्रतेचा होता. शाळा बंद झाल्या, आणीबाणी जाहीर झाली, 11 हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले. भीती निराधार नव्हती. याच पट्ट्यात 1956 साली साडेसातच्या आसपासचा भूकंप झाला आणि सँटोरिनीवर पन्नासहून जास्त माणसं गेली. जवळच समुद्राखाली कोलुंबो नावाचा दुसरा ज्वालामुखी आहे. तो 1650 साली फुटला तेव्हा त्याच्या विषारी वायूने बेटावर माणसं आणि जनावरं मेली.

सप्टेंबर 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. जमिनीवरची यंत्रं आणि कोलुंबोपाशी समुद्रतळावर आधीच ठेवलेली उपकरणं, दोन्हींच्या नोंदी त्यात जोडल्या होत्या. पंचवीस हजारांहून जास्त छोटे-मोठे भूकंप मशीन लर्निंगने शोधून त्यांच्या जागा ठरवल्या. निष्कर्ष असा की खोलवरून सुमारे 30 कोटी घनमीटर मॅग्मा वर सरकला, आडवा पसरत गेला आणि समुद्रतळाखाली सुमारे 4 किलोमीटरवर थांबला. खडक फोडत त्याने वाट काढली, म्हणून जमीन हलत होती. थांबला म्हणून उद्रेक झाला नाही. पुढच्या वेळी थांबेल का? हे आज कुणालाच सांगता येत नाही. ‘झोपलाय’ हे उत्तर चूक आहे आणि ‘आता फुटणार’ हेही चूक. खरं उत्तर असं आहे, ‘तो जिवंत आहे, त्याच्यावर यंत्रांचं लक्ष आहे, आणि तो हलला तर काय करायचं ते इथल्या लोकांनी नुकतंच करून पाहिलंय.’ या उत्तराने त्या बाईंची सुट्टी खराब झाली असती असं मला वाटत नाही.

आणि याची एक जोडकथा सफरीच्या वाटेवरच होती. अक्रोटीरी हे कांस्ययुगीन गाव, 1967 पासून स्पिरिडॉन मारिनातोस यांनी उत्खनन करून बाहेर काढलेलं. राखेखाली दुमजली घरं, भित्तिचित्रं, रांजण सगळं मिळालं. पण पॉम्पेईसारखे उद्रेकात सापडून मेलेल्या लोकांचे अवशेष तिथे आजवर मिळालेले नाहीत. आधी भूकंप झाला होता. लोकांनी पडझडीचा राडारोडा बाजूला केला होता, दुरुस्ती सुरू केली होती. मग तेही निघून गेले. सामान मागे ठेवून, बहुधा होड्यांनी. पुढे त्यांचं काय झालं, हे आपल्याला माहीत नाही.

आईला घेऊन फेरीत बसलेला माणूस आमच्या समोर उभा राहून हे सांगू शकला असता. असा गाइड जगात किती ठिकाणी मिळेल? आम्ही मात्र अक्रोटीरीच्या फाटकासमोर आइस्क्रीम खाऊन पुढे गेलो.

मग जावं का? जावं. सायकलसाठी जावं, द्राक्षमळ्यासाठी जावं, त्या मंद चढांसाठी जावं. अक्रोटीरीचं तिकीट वेगळं काढून दोन तास राखून ठेवा. पिर्गोसच्या चढावर गाइडकडे न बघता रस्त्याच्या कडेचा खडक बघा. आणि अटलांटिसची गोष्ट सुरू झाली की ती संपू द्या, मग गाइडच्या शेजारी सायकल घेऊन हळूच विचारा, ‘फेब्रुवारीत तुम्ही कुठे होता?’