हौद्यावरची ताडपत्री

जुलै महिन्यात नारायणगावला टोमॅटो भरून निघालेली बोलेरो पिकअप ओतूर, मढ करत माळशेज घाट उतरते, तेव्हा तिच्यावरची सगळ्यात स्वस्त वस्तू तिच्यातल्या सगळ्यात नाजूक मालाची राखण करत असते. इंजिनाचं कौतुक होतं, पाट्यांचं होतं, ड्रायव्हरच्या हाताचंही होतं. ताडपत्रीकडे मात्र ती फाटल्याशिवाय कोणी बघत नाही. मला चांगली बांधलेली ताडपत्री दिसली की त्या गाडीला ओव्हरटेक करावंसं वाटत नाही. मागेमागे राहून ती नीट बघण्यासारखी असते.

बघायला सुरुवात पुढून करावी. केबिनच्या टपामागे ताडपत्रीची पहिली कड असते आणि सगळी मेख तिथेच आहे. नवशिका ती कड कॅरेटवर नुसती टाकतो. जाणता माणूस ती केबिन आणि माल यांच्यामधल्या फटीतून पार खाली, हौद्याच्या पुढच्या पत्र्याआड उतरवतो आणि आधी तिथे बांधून घेतो. मग कोपरे येतात. चौकोनी कापड चौकोनी मालावर टाकलं की कोपऱ्यात जादा कापडाचे कान उरतातच. पुढच्या कोपऱ्यांचे कान बाजूवर, मागच्या दिशेला दुमडलेले असतात, तर मागच्या कोपऱ्यांचे कान फाळक्यावर वळवलेले असतात. प्रत्येक घडीचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून. एक जरी घडी उलटी पडली तरी वारा तिच्यात शिरतो, कापड फुगतं आणि पुढच्या वीस किलोमीटरांत ती बाजू सुटलेली असते. दोन ताडपत्र्या जोडून वापरायची वेळ आली तर पुढचीची शेपूट मागचीच्या डोक्यावर यायला हवी. कौलं रचताना वरचं कौल खालच्यावर येतं, तोच न्याय. फक्त इथे पाणी वरून नाही, समोरून येतं.

समोरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर आपण नेहमी कमी धरतो. गाडीचा वेग ताशी ४० वरून ८० किलोमीटर झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ८० च्या वेगाला समोरून दर चौरस मीटरवर साधारण ३० किलोचा दाब येतो. ताडपत्रीच्या वरून वारा वेगाने सरकतो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढलं जातं. मग ते फडफडायला लागतं. ताडपत्री पावसाने फारशी मरत नाही. ती फडफडीने मरते. कॅरेटच्या कोपऱ्यावर तीच जागा हजार वेळा घासली जाते, आधी तिथला वरचा थर जातो, मग विणीचे धागे उघडे पडतात, मग भोक. म्हणून धोरणी माणूस कडेच्या कॅरेटवर जुन्या गोणपाटाचे तुकडे टाकतो आणि त्यावर ताडपत्री पसरतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण भरायच्या घाईत ते नेमकं राहून जातं.

वाऱ्याइतकाच दगा पाणी देतं, पण ते उभ्या गाडीत. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. वर ताडपत्री सपाट ताणलेली असेल आणि तिच्यावर सगळीकडे एक सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते पंचेचाळीस किलोच्या वर जातं. मुरबाडच्या अलीकडे चहाला गाडी थांबवली, तासभर धो धो पडला, की मधल्या कॅरेटवर एक माणूस उताणा झोपावा एवढं वजन येऊन बसतं. खालचा टोमॅटो चेपला, की माल भिजला काय आणि न भिजला काय! त्यामुळे चांगली ताडपत्री बांधायचं काम माल भरतानाच सुरू होतं. मधली रांग एका कॅरेटने उंच ठेवायची. आढं आपोआप तयार होतं आणि पाणी दोन्ही बाजूंना उतरतं.

आता काठ बघा. काठ दुमडून आत दोरी घातलेली असते आणि त्यावर ठरावीक अंतराने धातूच्या रिंगा. रिंग दिसायला भक्कम, पण ताडपत्रीचा सगळा कमकुवतपणा तिच्या भोवतीच्या अर्ध्या इंचात असतो. कापडावर पसरलेला सगळा ताण तिथे एका बिंदूवर येतो. गाडी खड्ड्यात आपटली की दोरीला हिसका बसतो आणि रिंग कापडासकट उपटून येते. यावर आपल्याकडच्या ड्रायव्हरांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या आणि दोरी थेट हुकाला न बांधता मध्ये ती पट्टी घालायची. हिसका रबर खातं, रिंग वाचते. आणि रिंग आधीच गेली असेल तर कापडाच्या आतल्या बाजूला एक गुळगुळीत गोटा धरायचा, बाहेरून त्याच्या मानेभोवती दोरी आवळायची. भोक न पाडता बांधायची जागा तयार. गोटा रस्त्याकडेला फुकट मिळतो, आणि ही जागा मूळ रिंगेपेक्षा जास्त टिकते, कारण ताण आता गोट्याच्या घेराभर पसरलेला असतो.

दोरी आवळायची गाठ तर एखाद्या तयार माणसाच्या हातात बघावी. दोरीच्या मध्यात एक फास काढतो, टोक खालच्या हुकातून नेऊन त्या फासातून परत ओढतो आणि अंगाचा भार टाकतो. फास कप्पीचं काम करतो, ओढलेल्या जोरापेक्षा कितीतरी जास्त ताण दोरीत उतरतो. घर्षणात थोडा वाया जातो, तरी पुरून उरतो. मग वर एक सुरगाठ. ती प्रवासात सुटत नाही, पण पहाटे तीनला बाजाराच्या गाळ्यासमोर टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. निरगाठ मारणारा माणूस त्या वेळी दात-ओठ खात ओल्या दोरीशी झटत असतो आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असतात.

कापडाच्या जातीबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. आज बहुतेक पिकअपवर प्लास्टिकच्या विणलेल्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी थर दिलेली ताडपत्री असते. हलकी, स्वस्त, पाणी शोषत नाही. पण ऊन तिला खातं. उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडत जातात; दोन-तीन उन्हाळ्यांत साधी ताडपत्री हातात चुरते. काळा रंग घालतात तो दिसण्यासाठी नाही, काजळी हे किरण अडवते म्हणून. निळ्या ताडपत्रीचं एक वेगळंच: दुपारी तिच्याखाली डोकावलं तर लालभडक टोमॅटो काळपट दिसतो. माल दाखवायचा तर ती वर करूनच दाखवावा.

सुती कॅनव्हास आता कमी दिसतो. तो जड, भिजल्यावर तर उचलवत नाही, आणि ओला घडी घालून ठेवला की बुरशी येऊन त्याचा तो कुबट वास गाडीभर भरतो. पण त्याच्यात एक गंमत आहे. पाऊस लागला की सुताचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं आपणहून बुजतात. कोरडा झाला की ती पुन्हा उघडतात. आतल्या मालाला हवा मिळते. भाजीपाला, कांदा हे तोडल्यानंतरही श्वास घेणारे जीव. त्यांची उष्णता आणि ओल बाहेर पडायला वाट लागते. बंद प्लास्टिकखाली ती वाट बंद होते. रात्री घाटात वरची ताडपत्री गार पडते, आतला माल उबदार असतो, मग आतल्या बाजूने दव धरतं आणि थेंब थेंब मालावर पडत राहतं. ड्रायव्हर म्हणतो ताडपत्री गळते. ती गळत नसते, मालाचाच घाम परत मालावर पडत असतो. प्लास्टिक वापरायचं तर मागे फाळक्यापाशी, वाऱ्याच्या आडोशाला, हातभर फट सोडावी. सिमेंट भरलं असेल तर मात्र हा सगळा विचार उलटा. तिथे फट म्हणजे नुकसान.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला आहे. तिथे फोर्डची एफ मालिका १९७७ पासून सर्वाधिक खपाची पिकअप आहे, आणि तिच्या हौद्यावर झाकण बसवतात: गुंडाळता येणारं व्हिनाइलचं, तीन घड्यांचं, किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं सरकतं. ते हौद्याच्या काठांवर सपाट बसतं, कडेला रबरी पट्टी असते, पुढच्या कोपऱ्यांतून पाणी नळीवाटे खाली सोडतात. दिसायला झकास. तरी पुढचे कोपरे आणि मागच्या फाळक्याची फट इथून थोडं पाणी येतंच. हे झाकण गाडीच्या मापाचं असतं, कारण तिथे बहुतेक वेळा सामान काठाच्या खाली राहतं, आणि बऱ्याचदा हौदा रिकामाच असतो. आपल्या पिकअपमध्ये माल काठाच्या वर दोन-तीन फूट गेल्याशिवाय फेरी परवडत नाही. झाकण तिथे काय करणार? जे रोज वेगळ्या आकाराच्या ढिगावर बसतं, ते कापडच लागतं. म्हणून ताडपत्री घेताना गाडीचं माप सांगणं पुरत नाही. भरलेल्या मालाचं माप सांगावं लागतं: लांबी, रुंदी आणि दोन्हींत दोनदा धरलेली उंची, वर कानांसाठी हातभर जास्त.

दुकानात सगळा व्यवहार जीएसएमवर चालतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. पिकअपला २०० च्या खाली जाऊ नये असं माझं मत. पीव्हीसीची ६०० ची घेतली तर टिकते खूप, पण एकट्या माणसाला टपावरून पसरताना घाम फुटतो. आणि आकडा छापलेला असतो म्हणून विश्वास ठेवू नये. १५ बाय १२ फुटांची ताडपत्री सुमारे पावणेसतरा चौरस मीटर भरते, म्हणजे खरी २०० ची असेल तर तिचं वजन सव्वातीन किलोच्या थोडं वरच भरायला हवं. काटा शेजारच्या किराणा दुकानात असतोच.