लीलावतीतील संश्लिष्ट कुट्टक : एक परीक्षण

येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. 'विश्वावसु संवत्सरातील यात्रा' एवढेच कोणी सांगितले, तर त्यावरून शकवर्ष निश्चित होत नाही. शकांकात १२ मिळवून ६० ने भागावे व शेष ३९ उरावा, इतकीच अट त्या शब्दांत आहे. ती शके १९४७ ला लागू पडते, तशीच शके १८८७ लाही. शेषावरून अज्ञात राशी शोधताना हाती येते ती एक संख्या नव्हे, तर ठराविक अंतराने येणाऱ्या संख्यांची मालिका. ते अंतर नेमके किती, हा या विषयातील खरा प्रश्न होय. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील कुट्टकप्रकरणाचे मूल्यमापन याच कसोटीवर झाले पाहिजे.

कुट्टकाची परंपरा लीलावतीपूर्वीची आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ही रीत सूत्ररूपाने मांडली. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये आपल्या ग्रंथातील एका संपूर्ण अध्यायास तिचे नाव दिले. ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत तिला अध्यापनास योग्य असे सुबोध रूप लाभले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, अशी साक्ष चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख देतो. तेव्हा या ग्रंथाकडे पाठ्यग्रंथ म्हणून पाहणे युक्तच आहे.

मूळ रीतीविषयी मतभेदास जागा नाही. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जाईल, हे लीलावतीतील प्रसिद्ध उदाहरण. भाज्य, हार व क्षेप यांना १३ ने अपवर्तन दिले की १७, १५ व ५ उरतात. १७ व १५ यांच्या परस्पर भागाकारात १ व ७ हे भागाकार येतात. त्यांच्याखाली ५ व ० मांडून वल्ली तयार होते. खालून वर गुणीत गेल्यास ३५ व ४० मिळतात. ३५ मधून १५ ची व ४० मधून १७ ची पट वजा करता गुण ५ व लब्धि ६ येते. गुणात पुनःपुन्हा १५ मिळवून २०, ३५ इत्यादी उत्तरेही प्राप्त होतात. भाज्य व हार यांचा साधारण विभाजक क्षेपास भागत नसेल, तर प्रश्नच दुष्ट, असा स्पष्ट निर्वाळाही ग्रंथात आहे. उत्तर केव्हा असते, कसे काढावे, एकातून दुसरे कसे मिळवावे, या तिन्ही अंगांनी हे विवेचन परिपूर्ण आहे.

प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या संश्लिष्ट कुट्टकाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. हार एकच व गुणक भिन्न असल्यास गुणकांची बेरीज भाज्य मानावी व शेषांची बेरीज ऋण क्षेप मानावी, असा तेथील नियम आहे. उदाहरण असे : एक राशी ५ ने गुणून ६३ ने भागली असता ७ उरतात, तीच १० ने गुणून ६३ ने भागली असता १४ उरतात. बेरजेने भाज्य १५ व क्षेप २१ होतो; ३ ने अपवर्तन दिल्यावर ५, २१ व ७ राहतात आणि राशी १४ येते. पडताळा बरोबर जुळतो.

परंतु तो जुळतो हा उदाहरणाच्या निवडीचा गुण आहे, नियमाचा नव्हे. अपवर्तनानंतर हार २१ झाल्यामुळे ३५ व ५६ याही संख्या बेरजेची अट पुऱ्या करतात. मूळ प्रश्नात मात्र ३५ पासून ४९ व ५६ पासून २८ हा पहिला शेष येतो. शेष ७ व १४ यांऐवजी ४९ व ३५ दिले, तर खरी राशी ३५ आहे. नियमाने प्रथम मिळते ती पुन्हा १४ च. शेष ७ व १७ दिले, तर राशी अस्तित्वातच नाही, कारण पहिली अट मान्य होताच दुसरा शेष १४ ठरतो. तरीही नियम १० हे उत्तर देतो. दोन अटी बेरजेची अट सिद्ध करतात. बेरीज त्या दोन अटी सिद्ध करीत नाही. शिवाय ग्रंथातील दुसरी अट पहिलीची दुप्पटच असल्याने पहिलीवरूनच राशी निश्चित होते.

यात ग्रंथकाराचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. जेथे निरनिराळ्या शेषांची केवळ बेरीजच दिलेली असते, तेथे हा नियम उपयोगी पडतो. अटी परस्परसंगत असून गुणकांची बेरीज व हार परस्पर अविभाज्य असतील, तर तो सुटे शेष दिले असतानाही निर्दोष आहे. गाउसने १८०१ मध्ये समशेषतेचे चिन्ह रूढ केले; त्या चिन्हात कुट्टक लिहून दाखविला की प्राचीनांचे आधुनिकत्व सिद्ध झाले, असे मानण्याची प्रवृत्ती मात्र टाळली पाहिजे. केवळ चिन्हांतर केल्याने वरील उणीव झाकली जाते आणि मूळ रीतीचे खरे सामर्थ्यही दृष्टीआड होते. लीलावती शिकविताना १४ या उत्तरापाशी न थांबता ३५ व ५६ यांचाही पडताळा विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. तसे झाल्यास हे उदाहरण अटींची बेरीज कोठे थिटी पडते, याचा उत्तम पाठ ठरेल.